कराचा रुपया फिरतो तेव्हा

लखनौच्या अमौसी विमानतळावर उतरलेला पर्यटक बडा इमामबाडा पाहिल्याखेरीज सहसा परतत नाही. 1784 च्या दुष्काळात उपाशी प्रजेच्या हाताला काम मिळावे म्हणून नवाब आसफउद्दौला यांनी ही वास्तू उभारण्यास घेतली. काम लांबावे यासाठी दिवसा बांधलेले रात्री पाडले जाई, अशी आख्यायिका आहे. तिजोरीतील पैसा गरजूंपर्यंत पोहोचविण्याची ही रीत उदार खरी, परंतु ती राजाच्या मर्जीवर अवलंबून होती.

महाराष्ट्राने या रीतीला हक्काचे रूप दिले. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेली रोजगार हमी योजना 1972 च्या भीषण दुष्काळात राज्यभर पोहोचली. तिचा कायदा 1977 मध्ये संमत होऊन 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. खर्चासाठी 1975 मध्ये व्यवसाय कर बसविण्यात आला आणि अशा करांतून जमणाऱ्या रकमेइतकीच भर राज्य शासनाने घालावी, असे ठरले. नोकरदारांच्या वेतनातून दरमहा कापले जाणारे 200 रुपये आणि फेब्रुवारीतील 300 रुपये हे याच करापोटी असतात.

हे केवळ एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घालणे आहे काय? सुस्थितीतील करदाता त्या रकमेतील काही भाग शिल्लक टाकतो. मजुराची मजुरी मात्र बहुतांशी धान्य, तेल, कापड यांवर लगेच खर्च होते. वाण्याची विक्री वाढते, तो घाऊक व्यापाऱ्याकडे मागणी नोंदवितो आणि तोच रुपया अनेकांचे उत्पन्न बनतो. अर्थशास्त्रात यास गुणक परिणाम म्हणतात.

या परिणामाला मर्यादाही आहे. मागणी वाढली आणि उत्पादन तेवढेच राहिले, तर भाव चढतात व गरिबाच्या हाती आलेले महागाई हिरावून घेते. म्हणूनच पाझर तलाव, नालाबांध, विहिरी ही कामे महत्त्वाची ठरली. 1990 मध्ये योजनेला फळबाग लागवडीची जोड मिळाली. दुष्काळात मजुरी देणारे काम पुढे शेताला पाणी देऊ लागले, की वाटप आणि उत्पादन यांतील विरोध मावळतो.

या अनुभवाच्या आधारे केंद्राने 2005 मध्ये ग्रामीण कुटुंबांना वर्षाला 100 दिवसांच्या रोजगाराची हमी देणारा कायदा केला. 2008 पासून मजुरी बँक व टपाल खात्यांत जमा होऊ लागली आणि अनेक मजूर प्रथमच खातेदार झाले. वेतनचिठ्ठीतील ती छोटी कपात पाहताना या प्रवासाचे स्मरण ठेवावे. तो रुपया टिकाऊ कामावर खर्च होतो की नाही, हे विचारण्याचा अधिकारही करदात्याचाच आहे.