कोनफळाची जांभळी कॉफी: फिलिपिन्सचा ऊबे लाटे आपल्या किचनमध्ये

इन्स्टावर तो जांभळ्या रंगाचा कॉफीचा ग्लास तुम्ही पाहिलाच असेल. खाली जांभळा थर, मध्ये पांढरं दूध, वर कॉफी. त्याला ऊबे लाटे म्हणतात. "ताई, हा घरी कसा करायचा आणि विकायला परवडतो का?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला की म्हटलं, व्हिडिओत जे राहून गेलं ते इथे नीट लिहूनच टाकू.

आधी माझी चूक सांगते. मी पहिल्यांदा हा ग्लास दुकानात ठेवला तेव्हा ऑनलाइन मागवलेला जांभळा इसेन्स वापरला होता. दोन थेंबांत काम. रंग एकदम भारी, फोटो मस्त, पहिल्या आठवड्यात मुलांची गर्दी. मग एक दिवस एक नर्स ताई आल्या. आखातात नोकरी करून आलेल्या, तिथे त्यांच्या वॉर्डात फिलिपिनो मैत्रिणी होत्या. दोन घोट घेतले आणि विचारलं, "यात ऊबे आहे का?" मी म्हटलं, "फ्लेवर आहे." त्या हसल्या, अर्धा ग्लास तसाच ठेवून पैसे देऊन गेल्या. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्या रात्री मी पहिल्यांदा नीट वाचलं की ऊबे म्हणजे नेमकं काय. आणि डोक्याला हात लावला. ऊबे म्हणजे आपलं कोनफळ! शास्त्रीय नाव एकच, डायोस्कोरिया अलाटा. आपण उपासाला ज्याचे काप करतो, गुजराती घरांत जे उंधियूत पडतं, तेच. फिलिपिन्समध्ये ते उकडून, कुस्करून, नारळाचं दूध, कंडेन्स्ड मिल्क आणि लोणी घालून आटवतात. त्याला ऊबे हलाया म्हणतात. आपल्या हलव्याचा चुलतभाऊच समजा. त्यांच्या हालो-हालो नावाच्या बर्फाच्या गोडावर हाच जांभळा गोळा बसतो, आणि कॉफीत जातो तोही हाच.

नागपुरात कोनफळ वर्षभर मिळत नाही. थंडीत, उंधियूच्या दिवसांत बघा. गुजराती विक्रेत्याकडे गेलात तर एक गंमत लक्षात ठेवा: गुजरातीत 'रताळू' म्हणजे जांभळं कोनफळ, आणि आपलं रताळं म्हणजे त्यांचं 'शक्करियाँ'. मी पहिल्यांदा रताळं मागितलं नाही, म्हणून त्याने दाखवलंच नाही, आणि मी मार्केटभर फिरत बसले. घेताना एक तुकडा कापून दाखवायला सांगा. काही कोनफळं आतून गडद जांभळी निघतात, काही पांढरट, नुसती जांभळी छटा असलेली.

आता कृती. अर्धा किलो कोनफळ घ्या. हाताला तेल लावूनच हात घाला, कच्चं कोनफळ खाजतं. कच्चं कधीच वापरायचं नाही. सालासकट मोठे तुकडे करा आणि कुकरच्या डब्यात पाणी न घालता ठेवून तीन-चार शिट्ट्या काढा. थेट पाण्यात उकडलं तर अर्धा रंग पाण्यात जातो. गार झालं की साल काढा, बारीक किसा किंवा मिक्सरला फिरवा. गुठळी राहिली तर ती स्ट्रॉत अडकते, हे ग्राहकाने सांगायच्या आधी तुम्हीच बघा.

जाड बुडाच्या कढईत ५० ग्रॅम लोणी, त्यावर हा लगदा, २०० मिली नारळाचं दूध, २०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, चिमूटभर मीठ. मंद आचेवर २५-३० मिनिटं ढवळत राहा. गोळा कडा सोडायला लागला की झालं. साधारण ७०० ग्रॅम होतो. स्वच्छ कोरड्या बरणीत फ्रीजमध्ये मी चार दिवसांच्या वर ठेवत नाही.

कॉफीसाठी मशीन नको. साधा साउथ इंडियन फिल्टर घ्या, १५ ग्रॅम पावडर, ६० मिलीच्या आसपास घट्ट डिकॉक्शन निघेल असं गरम पाणी. (आपल्या विदर्भात चिखलदऱ्याला कॉफी पिकते, हे किती जणांना माहीत आहे?) चिकोरी कमी असलेली पावडर बघा, नाहीतर कोनफळाची चव मरते. ती चव मुळातच हळू आहे, थोडी व्हॅनिलासारखी, थोडी सुक्या मेव्यासारखी.

ग्लासात ४० ग्रॅम गोळा दोन चमचे कोमट दुधात सैल करून तळाशी आणि कडांना लावा. बर्फ भरा. १५० मिली थंड दूध. मग चमच्याच्या पाठीवरून गार डिकॉक्शन हळूहळू. घाई केली तर थर मोडतात.

हे थर नुसते फोटोसाठी नाहीत बरं का. कोनफळाचा जांभळा रंग अँथोसायनिनचा, जांभळातही तोच प्रकार असतो. तो आंबट पदार्थात लालसर होतो, सोडा पडला तर निळसर. कॉफी आंबट, वर तपकिरी. सगळं मिक्सरला फिरवलं की चिखलाचा रंग येतो. म्हणून डिकॉक्शन ग्राहकासमोर ओता आणि "ढवळून प्या" असं सांगा. पार्सल असेल तर डिकॉक्शन वेगळ्या छोट्या बाटलीत द्या.

आता हिशोब, कारण इथेच आपले लोक फसतात. माझ्या वहीतले ढोबळ आकडे देते, तुम्ही तुमच्या बाजाराचे टाका. कोनफळ ६०, कंडेन्स्ड मिल्क ७५, नारळाचं दूध ८०, लोणी ३०, गॅस १५. एकूण २६० रुपये, त्यात १७ ग्लास. म्हणजे गोळा ग्लासमागे १५ रुपये. एका भाऊंनी मला इथेच थांबून सांगितलं, "मॅडम, १५ ला पडते अन् १३० ला जाते, मजा आहे!" भाऊ, दूध १२, कॉफी १२, बर्फ ३, ग्लास-झाकण-स्ट्रॉ ९. झाले ५१. सांडणं, उरणं, चाखवणं याचे १० टक्के धरा, ५६. मी १३० ला विकते, उरले ७४. त्यातून भाडं, वीज, मुलाचा पगार. तुमची ढवळायची अर्धा तास मजुरी मी अजून धरलीच नाही. घरून विकणार असाल तर एफएसएसएआयची नोंदणी आधी करा, पहिल्या ऑर्डरनंतर नाही.

सगळ्यात मोठी अडचण वेगळीच आहे. कोनफळ थंडीत येतं आणि कोल्ड कॉफीची खरी मागणी आपल्याकडे मे महिन्यात, ४५ डिग्रीत. तेव्हा कोनफळ नसतं. इसेन्सची बाटली तेव्हाच परत हाक मारते.

फिलिपिन्समध्येही हे घडलंय. बागियो शहरात गुड शेफर्ड संस्थेच्या सिस्टर्स ऊबेचा जॅम करून विकतात, त्या कामातून शिकणाऱ्या मुलांना आधार देतात. पर्यटक तिथून बरणी घेतल्याशिवाय परतत नाहीत. २०२१ च्या सुरुवातीला जांभळं ऊबे पुरेसं मिळेना. बाजारात रंग मिळत होताच. त्यांनी पांढऱ्या ऊबेचा जॅम केला, रंग घातला नाही, आणि जॅम पांढरा का आहे ते लोकांना जाहीर सांगितलं. जगभर बातमी झाली.

मी यावर्षी जानेवारीत लगदा करून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवला, ४०-४० ग्रॅमचे ठोकळे. लाइट गेली की जीव टांगणीला, म्हणून एकदम चार किलोच्या वर केला नाही. होळीनंतर तो संपला. मुलं अजून विचारायला येतात. त्यांना साधी कोल्ड कॉफी देते आणि बोर्डावर लिहिलंय: कोनफळ कॉफी, आता डिसेंबरात. इसेन्सची ती बाटली अजून वरच्या फळीवर आहे, अर्धी भरलेली.