पाहुण्याचा रुपया किती हात फिरतो?
आगरदांड्याच्या धक्क्याला दिघीची फेरीबोट लागली की पर्यटकांच्या मोटारी आत चढू लागतात. राजपुरी खाडीला वळसा घालून म्हसळ्याकडून जायचं तर केवढा लांबचा पल्ला! पलीकडे दिवेआगर, श्रीवर्धन, अलीकडे जंजिरा.

इथे परदेशी पाहुणा सुरमईचं ताट जेवला, तर देशाच्या हिशेबात ती निर्यात ठरते. माल बंदराबाहेर जात नाही, परकीय चलन मात्र आत येतं. पर्यटकांची नुसती डोकी मोजण्यात मला अर्थ वाटत नाही; गावात काय उरलं ते पाहावं. खानावळवालीने मासळी इथल्याच कोळणीकडून, सोलं शेजारच्या वाडीतून घेतली, तर तोच रुपया गावात पुन्हापुन्हा फिरतो. अर्थशास्त्रात हा गुणक परिणाम. मालक, किराणा, आरक्षणाचं कमिशन सगळंच शहरातलं असेल, तर तो रुपया लगेच बाहेर गळतो.