झडपेची फट
बर्फगाडीच्या एंजिनातील एका सूक्ष्म अंतराविषयी

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात हिवाळा सुरू झाला म्हणजे शेते, सरोवरे आणि रस्ते यांतील भेद नाहीसा होतो. या प्रांतातील व्हॅलकूर गावचे यंत्रज्ञ जोसेफ-आर्मांद बाँबार्दिए (१९०७–१९६४) यांचा दोन वर्षांचा मुलगा १९३४ च्या हिवाळ्यात आजारी पडला. बर्फामुळे त्याला रुग्णालयात नेता आले नाही आणि तो दगावला. बर्फावरून धावणारे वाहन बनविण्याचे बाँबार्दिए यांचे प्रयोग त्यापूर्वीच सुरू झाले होते. ते त्यांनी नेटाने पुढे चालविले. १९५९ साली त्यांची ‘स्की-डू’ ही हलकी गाडी विक्रीस आली. पुढे दोन घसरपट्ट्या, मागे फिरता रबरी पट्टा आणि मध्ये एंजिन, अशी या बर्फगाडीची सर्वसाधारण रचना असते. आपल्या देशात काश्मीरमधील गुलमर्ग येथे पर्यटकांना अशा गाड्या पाहावयास मिळतात.

या गाड्यांना दीर्घकाळ प्रामुख्याने दोन धावांची एंजिने बसवीत. ती हलकी असतात. परंतु त्यांत इंधनाबरोबर तेलही जळते व धूर फार होतो. अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात २००४-०५ च्या हिवाळ्यापासून धूर व आवाज यांवर कडक मर्यादा घालण्यात आल्या आणि चार धावांच्या गाड्यांना तेथे महत्त्व आले. यामाहा कंपनीने २००३ च्या नमुन्यांत आणलेल्या ‘आरएक्स-१’ या गाडीच्या एंजिनात चार सिलिंडर व प्रत्येकात पाच, अशा एकूण वीस झडपा होत्या. दोन धावांच्या साध्या एंजिनात दट्ट्याच सिलिंडरमधील छिद्रे उघडतो व झाकतो. चार धावांच्या एंजिनात हे काम झडपांकडे असते. धूर कमी झाला, पण त्याबरोबर झडपांची फट तपासण्याचे एक नवे कर्तव्य बर्फगाडीच्या मालकाकडे आले.

फट कशासाठी?

झडपेचा आकार छत्रीसारखा असतो. तिची गोल तबकडी सिलिंडरच्या तोंडावरील बैठकीवर टेकते आणि दांडी वर येते. दांडीच्या माथ्यावर पोलादी टोपी असते व तिच्यावर कॅमदंड फिरतो. कॅमचा उंचवटा टोपी खाली दाबतो तेव्हा झडप उघडते. उंचवटा पुढे सरकला की स्प्रिंग तिला पुन्हा मिटविते. एंजिन मिनिटास ८,००० फेरे घेत असेल तर प्रत्येक झडप मिनिटास ४,००० वेळा, म्हणजे सेकंदास सुमारे ६७ वेळा उघडते.

झडप मिटलेली असताना कॅमचा गोल भाग व टोपी यांच्यामध्ये अल्पसे अंतर मुद्दाम ठेवलेले असते. हीच झडपेची फट होय. ती मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांएवढी असते. आपल्याकडील मोटारसायकलींच्या दुरुस्तीच्या दुकानांत ‘टॅपेट सेट करणे’ म्हणतात, ते याच फटीची जुळवणी करणे होय.

एंजिन चालू लागले की धातू तापतात व प्रसरण पावतात. निष्कास झडपेवरून जळालेले तप्त वायू जात असल्यामुळे ती सर्वांत जास्त तापते आणि तिची दांडी लांबते. त्या लांबीला जागा ठेवली नाही, तर झडप बैठकीवर पुरती टेकणार नाही. म्हणूनच बहुतेक एंजिनांत निष्कास झडपेची फट अंतर्गम झडपेच्या फटीहून अधिक ठेवतात.

बर्फाळ प्रदेशात याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी लागते. सिलिंडरचे डोके ॲल्युमिनियमचे, तर झडप पोलादाची असते. १०० मिलिमीटर लांबीच्या भागाचे तपमान ५० अंश सेल्सिअसने उतरले, तर ॲल्युमिनियम सुमारे ०.११ मिलिमीटर आखडते. पोलाद मात्र सुमारे ०.०६ मिलिमीटरच आखडते. त्यामुळे कॅमदंड झडपेच्या अधिक जवळ येतो व फट सुमारे ०.०५ मिलिमीटरने कमी होते. उबदार खोलीत जेमतेम पुरणारी फट उणे ३० अंशांच्या पहाटे पुरेलच असे नाही.

बोलका दोष आणि मुका दोष

फट प्रमाणाबाहेर वाढली तर झडप उशिरा उघडते, लवकर मिटते आणि एंजिनातून टकटक असा आवाज येतो. हा दोष बोलका आहे. तो स्वतःच आपली वर्दी देतो.

फट कमी झाली तर आवाज होत नाही. उलट एंजिन अधिक शांत चालल्यासारखे वाटते. परंतु धोका येथेच आहे. ज्या एंजिनांत कॅम टोपीवर थेट दाब देतो, त्यांत वापराने झडप व बैठक झिजतात, झडप हळूहळू बैठकीत खोल रुतते आणि तिचा माथा कॅमकडे सरकतो. पुढे अशी वेळ येते की झडप पुरती मिटतच नाही. मग संपीडनाच्या धावेत वायू गळतो, दाब तयार होत नाही आणि थंडीत एंजिन सुरू होण्यास त्रास देते. निष्कास झडपेची तर अधिकच हानी होते. कारण तिची बहुतांश उष्णता बैठकीवाटे बाहेर जाते. बैठकीचा स्पर्श सुटला म्हणजे उष्णतेची वाट बंद होते आणि गळणाऱ्या तप्त वायूंनी तिची कडा जळते. कानाने ओळखता न येणारा हा दोष केवळ मोजणीनेच सापडतो.

मोजणी

मोजणी एंजिन पूर्ण थंड असतानाच करावयाची असते. ‘थंड’ याचा अर्थ येथे गोठलेले असा नव्हे, तर खोलीच्या तपमानाचे असा आहे. बाहेरच्या बर्फातून आणलेली गाडी रात्रभर आत ठेवून मगच काम सुरू करतात.

प्रथम ठिणगी-प्लगांभोवतालची धूळ काढून प्लग काढतात, म्हणजे एंजिन हाताने सहज फिरते. नंतर झडपांवरील झाकण उघडतात. भुजादंड त्याच्या नेहमीच्या दिशेनेच पान्याने फिरवून पहिल्या सिलिंडरचा दट्ट्या सर्वोच्च बिंदूवर आणतात. येथे सावधगिरी हवी. चार धावांच्या एका आवर्तनात भुजादंडाचे दोन फेरे होतात व दट्ट्या दोनदा माथ्यावर येतो; एकदा संपीडनाच्या शेवटी आणि एकदा निष्कासाच्या शेवटी. आपल्याला पहिला प्रसंग हवा. त्या वेळी कॅमचे उंचवटे टोप्यांपासून दूर वळलेले असतात.

आता फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पोलादी पात्यांचा जुडगा घेऊन एकेक पाते फटीत सरकवितात. जे पाते किंचित ओढ लागून सरकते, त्याची जाडी हीच फट होय. प्रत्येक झडपेचे माप लगेच लिहून ठेवतात आणि निर्मात्याच्या पुस्तिकेतील मर्यादांशी ताडून पाहतात.

जुळवणी

काही एंजिनांत स्क्रू फिरवून फट बदलता येते. टोपीच्या एंजिनांत मात्र टोपीखाली ‘शिम’ नावाची लहान पोलादी चकती असते व तीच बदलावी लागते. हिशेब सोपा आहे : जुन्या शिमची जाडी अधिक मोजलेली फट, वजा हवी असलेली फट, म्हणजे नव्या शिमची जाडी. समजा, मर्यादा ०.१६ ते ०.२२ मिलिमीटर असून ०.१८ फट हवी आहे. मोजलेली फट ०.१० व जुनी शिम १.९० मिलिमीटर आहे. म्हणजे १.८२ मिलिमीटरची शिम हवी. हाताशी १.८० व १.८५ याच जाडीच्या शिमा असल्यास १.८० ची घ्यावी. तिने फट ०.२० होईल व ती मर्यादेत बसेल, १.८५ ची घेतल्यास फट ०.१५ म्हणजे कमीच राहील.

शिम बदलण्यासाठी कॅमदंड उचलावा लागतो. तत्पूर्वी साखळी व चक्रे यांवरील खुणा नीट पाहून ठेवाव्या लागतात. साखळीचा एक दात जरी चुकला, तरी झडपा अवेळी उघडून दट्ट्यावर आदळू शकतात. साखळीच्या पोकळीत स्वच्छ कापड कोंबतात, म्हणजे निसटलेली शिम आत पडत नाही. कॅमदंडाचे बोल्ट सांगितलेल्या क्रमाने, थोडे थोडे आणि टॉर्क पान्यानेच आवळतात. ॲल्युमिनियममधील आटे फाजील जोराने तुटतात. शेवटी एंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून सर्व फटी पुन्हा मोजतात. हात कोठे अडला तर बळ न लावता थांबावे आणि खुणा पुन्हा पाहाव्यात.

गोठलेल्या सरोवराच्या मध्यावर बंद पडलेल्या गाडीची दुरुस्ती करणे जवळजवळ अशक्य असते, आणि तेथून पायी परतणे जिवावर बेतू शकते. म्हणून जाणते मालक दर तपासणीची मापे एका वहीत तारखेसह नोंदवितात. एखाद्या झडपेची फट ०.२० वरून ०.१८, त्यावरून ०.१७ अशी उतरत गेलेली दिसली, तर ती झडप अजून बिघडलेली नसते. पण तिच्यात कोणता फरक होत आहे, हे वहीतील आकड्यांवरून कळते. जो दोष कानाला कळत नाही, तो असा डोळ्यांना वेळेवर दिसतो.