काळाचें द्वार आणि एका स्त्रीचें मरण

विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं सांगलीस ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलें, तेव्हांपासून मराठी प्रेक्षक एक गोष्ट ओळखून आहे : देखावे डोळे दिपवितात, परंतु नाटक उभें राहतें तें माणसाच्या पेचप्रसंगावर. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिकेंतील ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर’ हा, ६ एप्रिल १९६७ रोजीं प्रथम दाखविला गेलेला भाग याच कसोटीवर पारखावा. त्याचे लेखक हार्लन एलिसन.

कथानक असें. अंतराळयानावरील डॉक्टर मॅकॉय यांस अपघातानें एका तीव्र औषधाची मोठी मात्रा टोचली जाते. भ्रमिष्ट अवस्थेंत ते एका उजाड ग्रहावरील कालद्वारांतून भूतकाळांत उडी घेतात. त्यासरशीं इतिहास पालटतो व त्यांचें यानच नाहींसें होतें. कप्तान कर्क व त्यांचे सहकारी स्पॉक त्यांच्या शोधार्थ १९३० च्या न्यूयॉर्कमध्यें उतरतात. तेथें निराश्रितांस अन्न देणारी ईडिथ कीलर भेटते आणि कर्क यांचें मन तिच्यावर जडतें. परंतु स्पॉक यांच्या शोधांतून भयंकर सत्य निघतें. ती जगली, तर तिच्या शांतता-चळवळीमुळें अमेरिका युद्धांत उशिरा उतरेल आणि अणुबाँब प्रथम हिटलरच्या हातीं पडेल. अखेर ती मोटारीखालीं सांपडत असतां मॅकॉय तिला वांचवूं पाहतात, आणि कर्कच त्यांना अडवितात.

एका मरणानें इतिहासाचा ओघ ठरावा, हें मराठी मनास नवें नाहीं. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर विश्वासरावांस गोळी लागली आणि साताऱ्याच्या गादीच्या नांवानें चालणाऱ्या राज्याचा डाव विसकटला. कोल्हापुरांत जन्मलेले शास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनीं एका कथेंत ती गोळी हुकविली आहे. तेथें मराठे जिंकतात. मात्र त्यांचे गंगाधरपंत पालटलेला इतिहास केवळ पाहतात. कर्क यांस तो स्वहस्तें पूर्ववत् करावा लागतो. पाहणाऱ्यास कुतूहल पुरतें. करणाऱ्यास किंमत मोजावी लागते.

शांततेचा पुरस्कार अनर्थकारक, असा अर्थ या भागांतून घाईनें काढला जाण्याचा संभव आहे. तो योग्य नव्हे. ईडिथचें तत्त्व खरें, वेळ मात्र चुकीची, असें स्पॉकच सांगतात. म्हणूनच शेवट चटका लावतो. जग वांचतें, यान परत मिळतें. परंतु कर्क विजयाचा एक शब्दही न उच्चारतां तेथून निघण्याची आज्ञा देतात. १९६८ चा ह्यूगो पुरस्कार या भागास मिळाला, तो यथार्थच होय.