लावलेली नव्हे, जगलेली मोजा

मी सायवनच्या शाळेत विज्ञान शिकवतो. इथे डोंगर आणि भातशेती. समुद्र गाठायचा तर कासा, चारोटी करत डहाणूला उतरावं लागतं. तरीही मुलांना मी खाडीवर नेतो. तिवरांची, म्हणजे कांदळवनातल्या झाडांची, राखण करायची तर ती मोजता आली पाहिजेत.

९ डिसेंबर २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बुलेट ट्रेनसाठी मुंबई, ठाणे आणि पालघरमधली २१,९९७ कांदळझाडं तोडायला परवानगी दिली. बदल्यात पाचपट लागवडीची हमी होती. पाचपट हा शब्द सगळ्यांच्या लक्षात राहतो. पण आवणी उरकली म्हणून पीक आलं, असं आमच्या पाड्यावर कुणी म्हणत नाही.

श्रीलंकेत त्सुनामीनंतर ठिकठिकाणी कांदळवनं लावली गेली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या २३ जागा तपासल्या. ९ ठिकाणी एकही रोप उरलं नव्हतं. कांदळाचं बी झाडावरच रुजतं आणि शेंगेसारखं लांब होतं. चिखलात खोचायला ते सोपं, म्हणून जागा न पाहता तेच लावतात. भरतीचं पाणी फार वेळ राहिलं की कोवळी रोपं गुदमरतात. पाणी पोचलंच नाही तर माती खारवते आणि रोपं वाळतात.

म्हणून मोजणीची सुरुवात लागवडीच्या आधीच व्हायला हवी. पाणी किती चढतं, किती वेळ थांबतं, याची नोंद आधी. मग दोरीने चौकोन आखायचा आणि दर वर्षी त्याच चौकोनात जिवंत रोपं, उंची, खोडाचा घेर लिहायचा. शेजारच्या जुन्या तिवरांतही तसाच एक चौकोन हवा, नाहीतर तुलना कशाशी करणार? मला सर्वांत महत्त्वाची वाटतात ती न लावलेली रोपं: भरतीसोबत आलेलं बी आपोआप रुजू लागलं, तर जागा सावरली. खेकड्यांची बिळं आणि चिखलावर उड्या मारणारे निवटेही मोजावेत. उपग्रहाला वरचं हिरवं दिसतं, हे दिसत नाही. आणि खाडीत उतरणाऱ्या कोळणींना विचारल्याशिवाय कोणताही अहवाल पूर्ण मानू नये.

तुमच्या गावच्या खाडीवर लागवडीचा फलक लागला, तर रोपांच्या आकड्याखाली तिसऱ्या आणि पाचव्या वर्षीच्या मोजणीची तारीख लिहून मागा. त्या दिवशी स्वतः हजर राहा.