घरच्या निकाहसाठी कॅमेरा घेताना

भाचीच्या निकाहला बायकांच्या बाजूला बाहेरचा फोटोग्राफर नको होता, म्हणून आम्हीच नवा कॅमेरा घेतला. दादींनी नवरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि नेमका तोच फोटो हलला. दादी आता नाहीत.

उणीव लेन्सची होती. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ लेन्स पूर्ण झूम केल्यावर एफ ५.६ इतकीच उघडते, एफ १.८ची लेन्स तिच्या नऊपटींहून अधिक प्रकाश आत घेते. म्हणून कॅमेरा जुना, पण तपासून घ्यावा आणि वाचलेला पैसा लेन्सवर घालावा. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० मिमीची चौकट खोलीत अरुंद पडते, ३५ बरी. सगळ्या खानदानाच्या फोटोला १८-५५च लावा. शटर १/१२५, आयएसओ १६०० ते ३२०० ठेवा. थोडे दाणे चालतात, हललेला चेहरा परत मिळत नाही. आणि बुजुर्गांचे फोटो आधी काढा.