मुलाला खेळाचा संगणक घेऊन देताना

दहावी-बारावीचा निकाल लागला की पुष्कळ घरांतून एक मागणी पुढे येते. पूर्वी ती सायकलीची किंवा मनगटी घड्याळाची असे. आता ती खेळाच्या संगणकाची असते. ती मान्य करावी की नाही, हा प्रत्येक घराने आपली ऐपत व आपल्या मुलाचा स्वभाव पाहून सोडवावयाचा प्रश्न आहे. त्यात मी पडत नाही. परंतु एकदा होकार दिल्यावर वडील पैसे मोजून बाजूला होतात आणि मुलगा एकटाच दुकानदारापुढे उभा राहतो, हे काही बरे नव्हे. चाळीस-पन्नास हजार रुपये ही आपल्या घरांतून लहान रक्कम नाही. ती कोठे जाते, हे घरातील कर्त्या माणसाला कळावयास हवे.

मुंबईजवळ राहणाऱ्यांना लॅमिंग्टन रोड ठाऊक आहे. तेथे दहा दुकाने हिंडून भाव ताडून पाहता येतात. मुंबईबाहेर स्थिरावलेल्या आपल्या माणसांना ती सोय नसते, म्हणून उदाहरण मुद्दाम उज्जैनचे घेतो. शिंद्यांनी १८१० च्या सुमारास राजधानी ग्वाल्हेरला हलवली, तरी त्यांच्या काळापासून वसलेली मराठी घरे त्या नगरीत राहिलीच. रेल्वे स्थानकापलीकडील फ्रीगंज हा तेथील नवा बाजार, आणि त्याच्या मध्यभागी घड्याळाचा मनोरा असलेला टावर चौक. ज्या नगरीच्या रेखावृत्तावरून आपले जुने ज्योतिषी कालगणना करीत, तेथे हिशेब चुकू नये असे कोणालाही वाटेल! समजा, या चौकात एखादा मराठी गृहस्थ आपल्या मुलासह पन्नास हजार रुपये घेऊन उभा आहे. इंदूर तेथून पन्नास-पंचावन्न किलोमीटर. परंतु यंत्र बिघडले तर दर वेळी इंदूर गाठणे परवडणार नाही, म्हणून खरेदी येथेच करावयाची आहे.

दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी वडिलांनी मुलाला एकच प्रश्न विचारावा : तू खेळणार काय? व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक यांसारखे खेळ हलके असतात. २०२१ साली निघालेला एएमडीचा रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर चित्रे काढण्याची शक्ती स्वतःच्याच पोटात बाळगतो. हलक्या खेळांना तेवढी पुरते व निराळे ग्राफिक्स कार्ड घ्यावेच लागत नाही. मात्र अशा वेळी रॅमची एक पट्टी न घेता आठ-आठ जीबीच्या दोन घ्याव्या, कारण चित्राचे कामही त्याच रॅममधून चालते आणि दोन पट्ट्यांनी वाट दुप्पट रुंद होते. पुढेमागे कमाई झाली की कार्ड त्यातच बसविता येते. सायबरपंक २०७७ सारखे जड खेळ मनात असतील, तर मात्र निराळ्या कार्डावाचून गत्यंतर नाही.

आता रुपयाची वाटणी पाहू. भाव आठवड्यागणिक हलतात, म्हणून भाव छापीत नाही; हिस्से सांगतो. पडदा, कळफलक व माऊस वगळून उरलेल्या रुपयातील चाळीस पैसे ग्राफिक्स कार्डाला, पंचवीस-सव्वीस पैसे प्रोसेसर व मदरबोर्ड मिळून दोघांना, अठरा-वीस पैसे रॅम व एसएसडीला, आठ पैसे वीजपुरवठ्याच्या पेटीला आणि जे उरेल ते कॅबिनेटला. २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव एकाएकी चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांना लागणाऱ्या महागड्या स्मृतीकडे कारखानदार वळले आणि घरगुती मालाची टंचाई झाली. तेव्हापासून ही वाटणी ओढाताणीची झाली आहे. पैसे कमी पडले तर कॅबिनेटमधून काढावे, एसएसडी थोडी लहान घ्यावी; परंतु वीजपुरवठ्याच्या आठ पैशांना हात लावू नये. का, ते पुढे सांगतो.

ही वाटणी चुकते ती नावाच्या मोहाने. दुकानाच्या काचेवर ‘आय-सेव्हन संगणक’ अशी पाटी असते आणि ऐकणाऱ्याला वाटते की सात हा तीनहून मोठाच. इंटेलचा कोअर आय-सेव्हन २६०० हा २०११ सालचा प्रोसेसर. चार गाभे, आठ धागे. कोअर आय-थ्री १२१००एफ हा २०२२ सालचा. त्यालाही चार गाभे व आठच धागे. परंतु अकरा वर्षांच्या सुधारणेमुळे नव्याचा प्रत्येक गाभा जुन्याहून कितीतरी वेगाने काम उरकतो. शिवाय त्या जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणून ‘आय’ पुढील आकडा पाहून भुलू नये. त्यामागून येणारा चार-पाच अंकी आकडा वाचावा. १२१०० मधील बारा म्हणजे बारावी पिढी. शेवटचा ‘एफ’ही लक्षात असावा : त्या प्रोसेसरमध्ये चित्र काढण्याची शक्ती नाही. कार्ड पुढच्या महिन्यात घेऊ असे म्हणून हा घरी आणला, तर महिनाभर पडदा काळाच राहील.

प्रोसेसर व कार्ड यांची जोडी जुळावी लागते. विहिरीवर पाच अश्वशक्तीचा पंप बसविला आणि नळी अर्ध्या इंचाची ठेवली तर बागेला पाणी किती मिळणार? १२१००एफ सारख्या प्रोसेसरला एएमडीचे २०२१ सालचे आरएक्स ६६००, आठ जीबीचे, हे कार्ड साजते. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर बहुतेक खेळ ते समाधानकारक चालविते.

आता त्या आठ पैशांची गोष्ट. वीजपुरवठ्याची पेटी, जिला दुकानदार एसएमपीएस म्हणतात, ती कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, आणि म्हणूनच काटकसर तिच्यावर होते. कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ मिळालेल्या पेटीवर ४५० वॉट असे ठळक छापलेले असते. वडिलांनी चष्मा लावून त्याखालचा बारीक तक्ता वाचावा. प्रोसेसर व कार्ड आपली जवळजवळ सारी वीज १२ व्होल्टच्या वाटेने घेतात. त्या १२ व्होल्टपुढे समजा १६ अँपिअर लिहिले आहे. बारा गुणिले सोळा म्हणजे १९२ वॉट. इकडे ६६०० कार्ड १३२ वॉटपर्यंत मागते आणि १२१००एफ भर कामात ८९ पर्यंत जातो, बेरीज २२१. म्हणजे ठळक अक्षरांतील साडेचारशे वॉटची पेटी या दोघांनाच पुरत नाही! प्रथम खेळ मध्येच बंद पडतो. पुढे एखाद्या उन्हाळी दुपारी पेटी जळते, आणि संरक्षणाची योजना नसेल तर बोर्ड व कार्ड यांनाही बरोबर नेते. माळव्यात मे महिन्यात पारा चाळीस अंशांवर चढतो. आपल्याकडेही पत्र्याखालच्या खोलीत काही थंडावा नसतो. चांगल्या पेढीच्या ४५० ते ५५० वॉटच्या पेटीवर १२ व्होल्टपुढे ३५ च्या आसपास वा त्याहून अधिक अँपिअर लिहिलेले आढळतात, आणि हमीही काही वर्षांची मिळते. हा गुणाकार पाचवीच्या मुलालाही येतो, तरी लोक तो करीत नाहीत याचे मला नवल वाटते.

वीज जाणाऱ्या गावी यूपीएसही हवा. ६०० व्हीए असे ज्यावर लिहिलेले असते तो बहुधा ३६० वॉटचाच भार पेलतो. वरील २२१ मध्ये बोर्ड, पंखे व पडदा यांचे साठ-सत्तर मिळवा. भार पेलतो, पण खेळ आटोपून यंत्र नीट बंद करण्यापुरताच. वीज गेल्यावरही खेळ चालू ठेवण्याचा तो परवाना नव्हे.

रंगीबेरंगी दिव्यांच्या कॅबिनेटबद्दल काय बोलावे? नाताळचा तारा अंगणात शोभतो. यंत्राला मात्र समोरून हवा आत येईल अशी जाळी आणि दोन पंखे पुरे आहेत. पुढची बाजू बंद काचेची असेल तर आतील उष्णता आतच राहते.

वापरलेले कार्ड घेऊन बचत करावी असा सल्ला मुलाचे मित्र देतील. तो अगदीच टाकाऊ नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि रात्रंदिवस राबविलेली पुष्कळ कार्डे बाजारात आली; त्यांचे पंखे झिजलेले असू शकतात. काही लबाड लोक जुन्या कार्डात नव्याचे नाव भरूनही विकतात. म्हणून पैसे देण्यापूर्वी जीपीयू-झेड हा फुकट मिळणारा प्रोग्राम लावून कार्डाची खरी ओळख पाहावी, आणि अर्धा तास जड खेळ चालवून पडद्यावर ठिपके वा रेघा उमटतात का ते बघावे. विकणारा तेवढा वेळ देत नसेल तर तेथून उठावे.

या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे आणि ‘बिलाशिवाय घ्या, कर वाचेल’ असे कोणी ना कोणी सुचवितोच. कराचा प्रामाणिकपणा तूर्त बाजूला ठेवला, तरी हमीचा दावा बिलावाचून अडतो. प्रत्येक भागाचा अनुक्रमांक बिलावर लिहून घ्यावा व खोकी जपून ठेवावी.

जोडणी दुकानात झाली तरी घरी आल्यावर एक गोष्ट वडिलांनी स्वतः पाहावी. पडद्याची केबल लावण्यास यंत्राच्या पाठीमागे दोन ठिकाणी जागा असते : वर मदरबोर्डाची, खाली आडव्या पट्टीत कार्डाची. केबल खालच्या जागी लावावयाची. ५६००जी सारख्या प्रोसेसरबरोबर पुढे कार्ड बसविले आणि केबल वरच राहिली, तर चित्र दिसते, खेळही रखडत चालतो, आणि रुपयातील चाळीस पैसे आत नुसते बसून राहतात.